जगभरचं ‘अं?’

३ फेब्रुवारी, मंगळवार

मिळाला! मलाच मिळाला! आमच्या भाषा-संशोधनाच्या ऑफिसात दर वर्षी एक शब्द घेऊन तो जगभर कसा बोलतात ते शोधतात, आणि आमच्या प्रमुख मोठ्या बाईंनी सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, या वर्षीचा शब्द माझ्याकडे. आणि शब्द कोणता? ‘अं?’

सगळे हसले. मीही हसले आधी. गेल्या वर्षी ‘चहा’ झाला, त्याआधी ‘आई’ झाली, आणि आता हे काय? काटेकोर म्हणाली, “मग पुढच्या वर्षी शिंक घेऊ.” (काटेकोर म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावरची. तिचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.) मोठ्या बाई म्हणाल्या, “शिंक शिकावी लागत नाही. ‘अं?’ शिकावं लागतं. तान्ह्या बाळाला येतं का? मांजराला येतं? म्हणजे शब्दच तो.”

समोरच्याचं नीट ऐकू आलं नाही की माणूस जे म्हणतो ते! आपण ‘अं?’ म्हणतो. डच लोक ‘हे?’, लाओसमधले ‘हा?’, स्पॅनिशवाले ‘ए?’, चिनी ‘आ?’. ज्या भाषांचा एकमेकींशी ओ का ठो संबंध नाही, त्यांच्यात हा एवढासा शब्द जवळजवळ एकाच साच्यातला! दुपारभर मी टेबलाशी बसून सगळे म्हणून बघत होते. काटेकोरने शेवटी कागदाचा बोळा मारला.

घरी येऊन बाबांना सांगितलं. मान डोलावली, ओठ हलवले, पुन्हा भाजी निवडायला लागले. एवढी मोठी बातमी! पूर्वी अशी बातमी ऐकली असती तर अर्धा तास उलटतपासणी झाली असती. शेवटी म्हणाले असते, “ऐकलं रेडिओ, आता जरा बंद हो.” लहानपणापासून मी त्यांचा रेडिओ. मला चालू करायला लागायचं नाही, बंद करायला लागायचं. हल्ली ते नावही त्यांच्या तोंडून येत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज डोक्यात लख्ख झालं.

‘चहा’ सगळीकडे सारखा का, तर तो पेटीत बसून फिरला. माल गेला तिथे नाव गेलं. ‘मामा’, ‘पापा’, ‘बाबा’ सगळीकडे का, तर बाळाला तेवढंच बोलता येतं आणि जवळ जो असतो तो म्हणतो, मला हाक मारली! (जॉर्जियात ‘मामा’ म्हणजे बाप. तिथे बापाने आधी झडप घातली असावी.) पण ‘अं?’ ना पेटीत बसून गेला, ना बाळाच्या बडबडीतून आला.

मग?

मोठ्या बाई म्हणतात, गरज. गाडी चालू असताना साखळी ओढायची असते. वेळ नसतो. तोंड होतं तसं ठेवून, जीभ न हलवता जो आवाज निघेल तो काढायचा, आणि वर चढवून सोडायचा म्हणजे समोरच्याला कळतं की हा प्रश्न आहे. (आइसलँडचे लोक खाली सोडतात म्हणे. त्यांच्या बाकीच्या प्रश्नांची चालही तशीच. म्हणजे जिथली चाल तिथे लागते, बघा!) चमच्यासारखं आहे हे. कुठेही जा, चमचा चमच्यासारखाच. कुणी कुणाची नक्कल केली नाही, तोंड सगळ्यांचं सारखं.

चमच्याचं उदाहरण माझं. बाईंना आवडलं. म्हणाल्या, लिहून ठेवा.

८ फेब्रुवारी, रविवार

घरची बेल पुन्हा बिघडली. वायरमनला बोलावलं. त्याने दाबून बघितली, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, “वाजतेय की ताई.” म्हटलं, कधी वाजते कधी नाही, तू बदलूनच टाक. बदलली. बाबा खुर्चीत बसून बघत होते. काही बोलले नाहीत.

बाबांचंच खरं टेन्शन आहे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजवर काढला माणसाने, दिवसाला शेकडो लोकांशी बोलायचे. हळू, गोड, एक शब्द वाया न घालवता. आता मी स्वयंपाकघरातून विचारते, चहा टाकू का? उत्तर नाही. पुन्हा विचारते. उत्तर नाही. बाहेर येऊन बघावं तर माझ्याकडे बघत बसलेले. टीव्ही इतका बारीक लावतात की नुसती चित्रं बघतात की काय कोण जाणे.

कान गेले त्यांचे. दुसरं काय! आणि ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बोलायचाही थांबतो, हे मी ऑफिसात शंभरदा वाचलंय. तो माणूस घरात असून घरात नसतो. मला ते होऊ द्यायचं नाहीये. कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे न्यायचं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात ठरलं. ‘अं?’ शोधायला खरं बोलणं हवं, ठरवून बोललेलं नको, म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरी जेवणाच्या टेबलावर रेकॉर्डर ठेवायचा. घरच्यांना सांगून, त्यांच्या परवानगीने. दोन-तीन दिवसांत माणसं ते विसरतात आणि मग जे बोलतात ते सोनं.

बाबांना विचारलं. त्यांनी रेकॉर्डर हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि मान हलवली. होकारच तो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजची कमाई. केस कापणारी: ‘हं?’ बँकेतला: ‘एं?’ फळवाला, तोंडात विडी: ‘ऑं?’ लिफ्टमधली आजी: ‘अं गं?’ — याला काय म्हणायचं आता! आनंद पोटात मावेना. आजींना परत तेच बोलायला लावलं तर त्या म्हणाल्या, बरी आहेस ना?

१८ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर ऐकणं. आपल्या घरची टेप आधी आपण ऐकायची, कारण आवाज ओळखीचे. मग दुसऱ्याने ऐकायची, पहिल्याने काय लिहिलंय ते न बघता. मग जुळणी. अंदाजाने एक अक्षर लिहायचं नाही, हा इथला सगळ्यात कडक नियम. काही ऐकू आलं नाही तर लिहायचं ‘शांतता’. आमच्या टेपवर शांतता बरीच आहे. लिहिताना वाईट वाटतं.

काटेकोरचा हेडफोन बिघडला म्हणून तिने माझा लावला आणि विंचू चावल्यासारखा काढून टाकला. “काय गं हे, लग्नाचा बँड ऐकतेस की काय?” म्हटलं, माझं मशीन जुनं आहे, आवाजच येत नाही. तिने बटण कमी केलं, ऐकलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “येतोय की.” तिला सगळ्यातच खोट काढायची सवय आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

बाबांशी भांडण. मीच भांडले, ते गप्प होते. म्हटलं, बाबा, कान दाखवायला चला. नाही. का नाही? खांदे उडवले. मग मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: डॉक्टर. कान. त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसले. मला राग आला. मी रडकुंडीला आलेय आणि हे हसतायत!

मग जवळ आले, माझ्यासमोर बसले, आणि चांगले खणखणीत बोलले. “येतो. पण एका अटीवर. दोघांनी दाखवायचे.”

“मला काय झालंय?”

“काही नाही ना? मग घाबरतेस कशाला?”

कबूल. लहान मुलाला औषध पाजताना आधी आपण चमचा चाटून दाखवतो तसं. बारा मार्चची वेळ मिळाली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या घरची टेप संपवली. आमचं घर म्हणजे ‘अं?’ची खाण! बाकी कुणाच्याच घरी इतके नाहीत. मोठ्या बाई खूश. बहुतेक सगळे माझेच निघाले, पण बाबा इतकं पुटपुटतात, मी तरी काय करू?

एकच गोष्ट टोचली. ‘अं?’नंतर समोरच्याने तेच पुन्हा सांगायचं, हा करार आहे जगभरचा. म्हणून तर हा शब्द जगला. कुठलीही भाषा घ्या, ‘अं?’ म्हणजे ‘थांब, मला मागे टाकून पुढे जाऊ नकोस’ — आणि समोरचा थांबतो. आमच्या टेपवर मी ‘अं?’ म्हणते आणि बाबा म्हणतात, “काही नाही.” पुन्हा ‘अं?’, पुन्हा “काही नाही, जेव.” एवढंच मोठ्याने.

टेपच्या सुरुवातीला एकदा तरी पुन्हा सांगायचे. शेवटी शेवटी तेही नाही.

२ मार्च, सोमवार

काटेकोर आमची टेप ऐकतेय. दिवसभरात एकदाही टोमणा मारला नाही. चहाच्या वेळी स्वतःची बिस्किटं मला दिली. हिला काय झालंय?

६ मार्च, शुक्रवार

आज जुळणी झाली.

काटेकोरने दार लावून घेतलं. म्हणाली, “तुझ्या घरच्या टेपवर आपलं जमत नाहीये. बऱ्याच ठिकाणी.” म्हटलं, दाखव. तिने हेडफोन न लावता, स्पीकरवर टेप लावली. माझा आवाज: “बाबा, ऐकू येतंय का तुम्हाला?” मग शांतता. मग माझं ‘अं?’

“इथे तू शांतता लिहिलंयस.”

“आहेच शांतता.”

“नाही गं. ते बोलतायत.”

मी म्हटलं, पुन्हा लाव. तिने पुन्हा लावलं. मला टेपची खरखर ऐकू आली. आणि एक वेडी गोष्ट मनात आली — शांतता होती तर मी ‘अं?’ कशाला म्हटलं? समोर बसले होते, ओठ हलताना दिसले असतील. टेपला ओठ नसतात.

तिने बटण फिरवायला सुरुवात केली. फिरवत फिरवत पार शेवटापर्यंत नेलं, इतकं की बाहेर कुणीतरी दार वाजवलं असावं, कारण ती ओरडली, “दोन मिनिटं!” दार वाजलेलं मला ऐकू आलं नव्हतं.

आणि मग बाबांचा आवाज आला. एक्स्चेंजवरचा, हळू, गोड.

“येतंय गं. तुलाच येत नाहीये.”

मी हसले. खरंच हसले आधी. मग दुसरी जागा लावायला सांगितली. मग तिसरी. माझ्या एकेका शांततेत माणूस बोलत होता! आज मटार छान निघाले. खालच्या मजल्यावर पोरगी पेटी शिकतेय, सूर बरा आहे. आईला हा रंग आवडायचा तुझ्या अंगावर. सगळं मला सांगितलेलं. माझ्या टेबलावर, माझ्यासमोर बसून.

आणि एक तर — तीन तारखेला मी शब्द मिळाल्याचं सांगितलं ना, त्याच्या पुढच्या आठवड्यातली जागा. मी टेपवर ‘अं?’चं पुराण लावलंय, डच काय, चिनी काय. मध्ये श्वास घ्यायला थांबले तर बाबा म्हणतात, “आमच्या बोर्डावर कुठल्याही देशाचा कॉल येवो, लाइन खराब झाली की दोन्हीकडून हेच यायचं. भाषा कळायची नाही, पण हे कळायचं. मला वाटायचं, जगभर एकच माणूस बसलाय आणि त्याला ऐकू येत नाहीये.”

माझा आवाज: “अं?”

बाबा: “काही नाही. जेव.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जगभरचे लोक ऐकत सुटले मी. घरातला एक माणूस ऐकू येत नव्हता.

काटेकोरने माझ्या कागदावरची ‘शांतता’ खोडली नाही, माझं पेन माझ्या हातात दिलं. मी खोडली. एकेक करून सगळ्या.

बेल चांगली होती. वायरमन बिचारा.

७ मार्च, शनिवार

बाबांच्या समोर जाऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून. म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं.”

“हो.” मोठ्याने, माझ्याकडे तोंड करून.

“मग सांगितलं का नाही?”

“दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तू ‘अं?’ म्हणालीस.”

आम्ही दोघंही इतकं हसलो की मला खोकला लागला. मग ते गंभीर झाले. म्हणाले, “तिसऱ्यांदा ओरडून सांगायचा धीर झाला नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी धरलीस, तीही कानाची. ती गेली तर तू परत घरात बसशील, भिंतीकडे बघत. ते मी एकदा बघितलंय.” (माझं लग्न मोडलं तेव्हाचं म्हणत होते.) “म्हटलं, डॉक्टरनेच सांगू दे.”

“म्हणून अट घातलीत?”

“तू मला ओढून नेणारच होतीस. म्हटलं, चला, गाडी आपल्याच गावाला चाललीये.”

मी त्यांना म्हटलं, मला भीती वाटते. नोकरीची वाटतेच, पण त्याहून जास्त याची की मी तुम्हाला बहिरं ठरवून वर्षभर तुमच्यावर ओरडत राहिले आणि तुम्ही गप्प होत गेलात. ते काहीतरी म्हणाले. मान खाली होती, मला ऐकू आलं नाही. ‘अं?’ म्हणायची लाज वाटली. पहिल्यांदाच लाज वाटली या शब्दाची.

९ मार्च, सोमवार

स्वतःहून मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, राजीनामा द्यायचा तर देते म्हणाले. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “हा काढला की मला तुमचं तोंड दिसत नाही. मी वीस वर्षं चष्मा लावून वाचतेय, कुणी राजीनामा मागितला नाही. यंत्र बसवून या. टेप तुमच्या घरचीच राहील, आणि शांतता होती तिथे तुमच्या वडिलांचं बोलणं जाईल.”

काटेकोर बाहेर उभी होती. तिला सगळं ऐकू आलं असणार. तिला काय, भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.

१२ मार्च, गुरुवार

डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. बाबांचे कान ठणठणीत! डॉक्टर म्हणाला, या वयात असे कान क्वचित बघतो. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही पहिला नंबर आलाय शाळेत.

मग मी. काचेतून डॉक्टरचा हात दिसत होता. हात हलायचा, आणि मला काही नाही. बटण दाबायचा फार मोह झाला. पण अंदाजाने लिहायचं नाही, हा नियम अंगात मुरलाय. नाही दाबलं. दोन्ही कान. हळूहळू गेले म्हणून कळलं नाही. बारीक आवाज आधी जातात, डॉक्टर म्हणाला, बेल, पक्षी, आणि हळू बोलणारी माणसं.

परत येताना रिक्षात बाबांनी माझा हात धरला होता.

२६ मार्च, गुरुवार

यंत्रं बसली! दोन्ही कानांत! आणि काय हा गोंधळ जगाचा! फ्रिज बोलतो. माझ्या चपला बोलतात. साडीला आवाज आहे! आमची नवी बेल गाणं वाजवते, तेही बेसूर! इतके दिवस बाबांनी ते सोसलं? वायरमनला फोन करून माफी मागितली आणि बेल परत बदल म्हणाले. तो बराच वेळ गप्प होता. (गप्पच होता. आता मला फरक कळतो.)

खालच्या मजल्यावरच्या पोरीचा सूर खरंच बरा आहे.

बाबा आज फारसं काही बोलले नाहीत. सवय मोडली असेल. मी काही म्हटलं नाही. बोलतील.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी ऑफिसला निघाले. दारात चपला घालत होते, घराकडे पाठ. मागून बाबा म्हणाले, सवयीने, जसं काही मला ऐकू जाणारच नाहीये असं, हळू:

“सावकाश जा, रेडिओ.”

म्हणजे रोज म्हणत होते. सोडलं नव्हतंच.

मला स्पष्ट ऐकू आलं होतं, शब्दन् शब्द. तरी मागे वळले आणि म्हटलं, “अं?”